शेजारच्या दाण्याला

मी सावद्याची. आमच्याकडे केळीला बी नसतं.
आईच्या बुडातून पिल्लू फुटतं,
तेच पुढे आई होतं, तसंच उंच, तितक्याच फण्यांचं.
पिढ्यान्‌पिढ्या एकच बाई शेतात उभी.
म्हणून असेल, दोन जिवांतून तिसरा होताना
केवढी उलथापालथ होते
हे धडगावला येईपर्यंत मला
परीक्षेपुरतंच माहीत होतं.

प्रयोगशाळा म्हणजे दवाखान्याच्या टोकाची खोली.
एक फ्रिज, एक खिडकी, खिडकीत डोंगर.
बोटाला टोचायचं, थेंब द्रावणात सोडायचा,
नळीमागे रेघांचा कागद धरायचा.
रेघा दिसल्या तर पांढरं कार्ड.
गढूळ होऊन बुडाल्या तर नमुना पुढच्या तपासणीला,
आणि आठवड्याने पिवळं,
किंवा लाल.

बिजल्या पावरा आणि सुपी, दोघंही पिवळे.
पिवळा म्हणजे आजारी नव्हे,
बिजल्या अजून पन्नास किलोचं पोतं घेऊन घाट चढतो.
पिवळा म्हणजे कनवटीला दोन नाणी,
एक खरं, एक वाकलेलं,
आणि खऱ्याच्या जिवावर बाजार निभतो.
मूल होताना दोघांनी एकेकच द्यायचं,
तेही न बघता.

थोरली रायली, सहा वर्षांची.
तिच्या मुठीत दोन्ही वाकलेली आली.
थंडीत गुडघे सुजतात.
रडत नाही, नुसती चुलीजवळ सरकते.
आणि सुपीला आता तिसरा महिना.

मी फळ्यावर चौकट काढली. चार घरं.
वर आईचं देणं, डावीकडे बापाचं.
हे घर निर्धोक. ही दोन तुमच्यासारखी. हे एक—
मी रायलीकडे पाहिलं नाही.
बिजल्याने बोटं मोजली आणि त्याचा चेहरा उजळला.
"म्हणजे लालवाली होऊन गेली!
आता तीन बाकी. तिन्ही चांगली."

नाही रे बाबा.
दर वेळी चौकट नवी, पुन्हा चार घरं, पुन्हा त्यात एक.
"मग मोजायचं कशाला?"
दारातून ॲम्ब्युलन्सचा बोरसे म्हणाला,
"नशीब शे भाऊ, दुसरं काय."
मला राग आला. नशीब कुठे असा हिशेब देतं?
पण खरं सांगते,
हजार घरांचं मला सांगता येतं.
एका घराचं विचारलं की
खडू हातात तसाच राहतो.

तोवर गप्प बसलेल्या सुपीने
पिशवीतून मक्याचं कणीस काढलं,
पानं सोलली, टेबलावर ठेवलं.
जांभळे दाणे, मधूनच फिका.
"एका ताटाचं हे," ती नवऱ्याला म्हणाली.
"इथं दोन फिके लागून आले.
मग ही ओळ बघ, सगळी जांभळी.
इथं परत एक.
दाणा काय शेजारच्या दाण्याला विचारतो,
तू झालास का फिका, मग मी नाही होत?"

बिजल्याने कणीस फिरवून फिरवून पाहिलं.
"आणि नुसता जांभळा पेरला तर?"
"तरी निघतो कधी. पोटात धरून असतो तो.
तुला माहीत नाही? बी तर मीच निवडते."

मी फळा पुसला नाही, पण त्याच्याकडे
परत कोणी पाहिलंही नाही.
पोटातल्या बाळाची तपासणी कुठे होते,
गाडीभाडं कोण देतं,
हे सुपीने विचारलं, मी चिठ्ठीवर लिहून दिलं.
बिजल्या कणीस धरून बसला होता,
ते रायलीने त्याच्या हातातून ओढलं
आणि फिके फिके दाणे आधी वेचून खाल्ले.

ते गेल्यावर मी नोंदवही उघडली.
तारीख. दोघांची नावं. समुपदेशन केले.
कोणी कोणाचं केलं,
त्याला रकाना नव्हता.